पदकाच्या आधी थांबवलेला पिच्चर

शहागडला हायवेवरच्या एका धाब्यावर माझी माय भांडी घासायची. त्याआधी बाप नदीच्या पात्रात वाळूच्या गाड्या भरायचा. एका दुपारी ट्रकचा फाळका निसटून त्याच्या कमरेवर आला आणि त्यानंतर तो बाजेवरून उठला तो कुणी धरून उठवला तेव्हाच. मोठा भाऊ शाळा सोडून पंक्चरच्या दुकानात लागला. मला मात्र मायनं शाळेतून काढलं नाही. का नाही काढलं, हे तिला कधी धड सांगता आलं नाही. “भांडी बी बराबर घासता येत न्हाईत तुला, मंग जा शाळेत,” एवढंच म्हणायची.

धाब्यावर उरलेली डाळ आम्ही डब्यात घेऊन घरी यायचो. तिला बुडाशी लागल्याचा वास असायचा. आता लोक त्याच वासाला चव म्हणतात आणि मागून घेतात. मला अजून गिळवत नाही.

मालकानं ट्रकवाल्यांसाठी टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. मोरीजवळच्या झरोक्यातून तो तिरका दिसायचा. आवाज निम्मा, बाकीचा हायवेचा. माय टीव्हीकडे पाठ करून घासायची, मी खरकटं काढता काढता बघायचे. भांडी संपली की ती पदराला हात पुसायची आणि म्हणायची, “चल.” पिच्चर कुठंही असो. हिरो दोरीला लटकलेला असो की बहिणीची ताटातूट झालेली असो, चल म्हणजे चल. वाटेनं मी तिला विचारायचे, “माय, पुढं काय झालं असंल गं?” आणि न पाहिलेल्या पिच्चरचा शेवट ती मला सांगायची. तिच्या प्रत्येक शेवटात व्हिलन आमच्याच धाब्यावर भांडी घासायला यायचा आणि कढईचं बूड निघालं नाही म्हणून मालकाच्या शिव्या खायचा. कॉलेजात जाईपर्यंत मला वाटायचं, सगळ्या पिच्चरचा शेवट भांड्यांपाशीच होतो.

मी बी.ए., बी.एड. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी दारावरच्या पाटीवर लिहिलंय, कुणाला शेखी वाटली तर वाटो.

घनसावंगी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी मराठी आणि इतिहास शिकवते. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी आठवी ते दहावीच्या मुलांना पिच्चर दाखवते. म्हणून या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, ‘चित्रपटांतून चारित्र्य कसं घडवलं’ यावर लिहा. ‘घडवलं’ म्हटलं की मी लिहायला बसते आणि उठते. मडकं घडवतात. पोरं चाकावर बसत नाहीत. आणि ज्या एका प्रसंगामुळे माझं नाव पंचक्रोशीत झालं, त्यात मी काय केलं, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आधी काम कसं चालतं ते सांगते. पडदा नव्हता. हॉलची एक भिंत शिपाई रफिकमामांनी चुन्यानं पांढरी केली. खिडक्यांना ताडपत्री. आवाजाला गणेश मंडळाचा स्पीकरचा डबा, तो वर्षातून दहा दिवस सोडून आमचाच. प्रोजेक्टर शाळेला कुठल्याशा योजनेत मिळालेला, खोक्यातच पडून होता. लाइट गेली की पोरं शिट्ट्या मारायची आणि रफिकमामा अंधारातूनच ओरडायचे, “अरे, थेटर समजून राह्यले का!”

भाषणं देणारा पिच्चर दाखवायचा नाही, हे मी लवकर शिकले. पडद्यावर कुणी उपदेश सुरू केला की मागची रांग झोपते, पुढची रांग हॉलचे पत्रे मोजते. दुसरं शिकले ते महागात पडून. वाईट संगतीचा परिणाम दाखवणारा एक पिच्चर आणला होता. त्यातला गुंड शेवटी तुरुंगात जातो. त्याच्या भुवईत वस्तऱ्यानं काढलेली एक रेघ होती. सोमवारी नववीच्या निम्म्या पोरांच्या भुवईत रेघ! बाजारात न्हाव्यानं मला हात जोडून रामराम केला. “मॅडम, पुढच्या महिन्यात अजून एखादा येऊ द्या की असाच.”

तेव्हापासून मी पिच्चर मध्येच थांबवायला लागले. पडद्यावरचा माणूस आता काहीतरी ठरवणार, एवढ्यात थांबवायचं. ठरवल्यावर नाही, आधी. दिवे लावायचे, “आता काय करावं यानं?” असं विचारायचं आणि आपण तोंड मिटून बसायचं. हे तोंड मिटून बसणंच सगळ्यात अवघड. मास्तरकीत तीच सवय नसते. पुढचा भाग पुढच्या शनिवारी. मधला आठवडा पोरांचा.

मोठी माणसंही यायची. त्यात एक आबा. दहावीतल्या ऋतुजाचे आजोबा. धोतर, टोपी, हातात काठी. पहिल्या रांगेत पोरांमध्ये बसायचे आणि पडद्यावरच्या लोकांशी बोलायचे. “अगं मागं बघ, मागं!” पिच्चर थांबवला की सगळ्यात जास्त तेच चिडायचे. “मॅडम, ही कोणती रीत? जेवायला बसवून ताट वढायचं?”

ऋतुजा मात्र बोलायची नाही. शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. मराठी चांगलं, इंग्रजी बरं, गणित म्हटलं की तिचा चेहरा पाटीसारखा कोरा. दहावी झाली की नर्सिंगच्या वाटेला लागायचं, असं तिनं निबंधात लिहिलं होतं. घरी वडिलांनी, नारायणभाऊंनी, वेगळं ठरवलं होतं. पास झाली तर शीक. नापास झाली तर चाकणला मावशीकडं जा. मावशी कंपनीत कामाला जायची, तिचं तान्हं लेकरू सांभाळायला माणूस पाहिजे होतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी एक लहानसा पिच्चर लावला. थिएटरला कधी न लागलेला, माझ्या बी.एड.च्या मैत्रिणीनं पेनड्राइव्हवर दिलेला. एका डोंगरातल्या गावची पोरगी शर्यतीत पळत असते. घाटात तिचा दम संपतो. मागून कडब्याचा ट्रॅक्टर येतो, ड्रायव्हर म्हणतो, बस. ती बसते, घाट उतरल्यावर वळणाच्या आड उतरते आणि पुन्हा पळायला लागते. कुणी पाहिलेलं नसतं. पहिली येते. स्टेज, हार, पाहुणे. पाहुणे पदक उचलतात, ती मान खाली करते.

तिथं मी थांबवला.

“काय करावं तिनं?”

आकाश नावाचं एक टपोरं पोरगं होतं, ते बसल्या जागेवरून म्हणालं, “घ्यायचं मॅडम! ट्रॅक्टर काय तिनं बोलावल्ता का? नशिबानं आल्ता.” हॉल हसला. कुणी म्हणालं, दुसऱ्या नंबरच्या पोरीला द्यावं. कुणी म्हणालं, घरी नेऊन मंग परत करावं, म्हणजे फोटो तर निघंल. आबा म्हणाले, “ड्रायव्हरला आधी धरा.”

मी तोंड मिटून बसले होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

“मॅडम, तिला तो घाट पळता आला असता का न्हाई, ते आता तिला कधीच कळणार न्हाई.”

ऋतुजा होती. सगळे वळले. तिनं भिंतीची पाठ सोडली नाही. “अन् आपल्याला तरी कुठं कळतं? मार्चमधी आपण बी सगळे ट्रॅक्टरवरच बसतो की.”

कुणी हसलं नाही. दारात हेडसर उभे होते.

बाहेरच्या वाचकाला हा ट्रॅक्टर सांगायला हवा. आता परीक्षेला कॅमेरे आले, बैठी पथकं आली. तेव्हा आमच्या भागात दहावीच्या पोराला खिडकीतून कॉपी पुरवणं हे पाप मानत नसत. ते घरचं काम होतं. लग्नात पंगतीला वाढायला जसे चुलते-मामे कंबर कसून उभे राहतात, तसे पेपरला शाळेच्या मागच्या भिंतीवर उभे राहायचे. जो चुलता आला नाही त्याला वर्षभर टोमणे. “पोरीचा भूमितीचा पेपर होता अन् तू रानात बसल्ता का रे?” आणि चिठ्ठी घेणार नाही म्हणणारं पोरगं म्हणजे पंगतीत वाढलेलं पान ढकलणारं. अपमान सगळ्या भावकीचा.

हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, हे पिच्चर आता बंद. परीक्षा तोंडावर आली.”

“एकच शनिवार द्या सर. शेवट दाखवायचा राहिलाय.”

“बिलकुल न्हाई. पोरांच्या मनावर परिणाम होतो.”

“परिणाम व्हावा म्हणूनच तर दाखवते सर.”

“असला नको,” ते म्हणाले. मंग आवाज खाली आणून, “निकाल पडला की पुढच्या वर्षी पोरं येत न्हाईत, पोरं न्हाईत तर तुकडी तुटती. तुकडी तुटली की शिक्षक अतिरिक्त. त्यात पहिलं नाव कुणाचं असंल, तुम्हीच बघा.” त्यांचं खोटं नव्हतं. प्रोजेक्टर कपाटात गेला आणि किल्ली त्यांच्या खिशात.

आता माझी खरी घालमेल सुरू झाली. कारण त्या पिच्चरचा शेवट मला माहीत होता. ती पोरगी पदक घेते. कुणाला काही सांगत नाही. टाळ्या होतात, ती घरी जाते, पदक खुंटीला अडकवते आणि पिच्चर संपतो. मी तो त्यासाठीच निवडला होता. पुढच्या शनिवारी विचारणार होते, खुंटीवरच्या त्या पदकाकडे बघून तिला रोज काय वाटत असेल? तो शनिवार आलाच नाही. मधल्या सुट्टीत पोरांनी आपापले शेवट रचले. आकाशच्या शेवटात ट्रॅक्टरवाला स्टेजवर चढून निम्मं पदक मागत होता. मला मायची आठवण आली.

आणि एक दिवस ऋतुजा व्हरांड्यात आडवी आली. “मॅडम, काय करती ती?”

हातात भूमितीचं पुस्तक होतं, बोट आत घातलेलं.

खरं सांगितलं तर ती म्हणेल, मंग मीच काय घोडं मारलंय, आणि चिठ्ठी घेईल. पास होईल. शिकेल. नाही सांगितलं तर ही पोरगी काय करून बसेल, ते मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. गणितात ती स्वतःच्या बळावर निघेल याची मला खात्री नव्हती. चारित्र्य वगैरे ठीक आहे, पण नापास झाल्यावर चाकणला जाणार होती ती, मी नव्हे.

“तुला काय वाटतं?” मी म्हणाले.

“मला वाटतं, देती परत.”

मी मान हलवली नाही, हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. ती गेली. पुढचे आठ-पंधरा दिवस वर्गात मी इतिहासाची उजळणी घ्यायचे आणि डोळे शेवटच्या बाकावर जायचे.

भूमितीच्या पेपरला आमची नेमणूक दुसऱ्या केंद्रावर होती. आमच्या शाळेत काय झालं, ते रफिकमामांनी सांगितलं. ते वर्गावर्गात पाणी फिरवत होते. ऋतुजाचा चुलता मागच्या भिंतीवरून खिडकीशी आला आणि त्यानं चिठ्ठी आत टाकली. ती तिच्या बाकावर पडली. ऋतुजानं ती उचलली, उघडली नाही, उभी राहिली आणि खिडकीतून परत देत मोठ्यानं म्हणाली, “काका, तुमचा कागद पडला.”

“सगळा वर्ग हसला, मॅडम,” रफिकमामा म्हणाले. “बाई पर्यवेक्षक होत्या त्या बी तोंडाला पदर लावून हसल्या. चुलता भिंतीवरून अस्सा उतरला जसा काय खाली साप होता.”

“बाकीच्यांनी?”

“बाकीच्यांनी घेतल्या की.” मंग जाता जाता म्हणाले, “आकाशनं घेतली, पण बराच वेळ खिशातच ठिवल्ती.”

निकाल लागला. शाळेचा बरा लागला. ऋतुजा गणितात नापास.

नारायणभाऊ शाळेत आले तेव्हा मी एकटी स्टाफरूममध्ये होते. ते बसले नाहीत.

“मॅडम, ज्यांनी चिठ्ठी घेतली ते पेढे वाटून राह्यले. माझी पोरगी कोपऱ्यात बसली. हे काय शिकवलं तुम्ही?”

“भाऊ, जुलैत पुरवणी परीक्षा असते. आणि एका विषयात राहिली तरी अकरावीला नाव घालता येतं.”

“नियम ऱ्हाऊ द्या. माझ्या भावानं भर उन्हात भिंतीवर चढून कागद दिला, अन् पोरीनं त्याचं चारचौघांत हसू केलं. गावात तोंड दाखवायची सोय न्हाई ऱ्हायली त्याला. चाकणला फोन केलाय मी.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत तीन वेळा ठरवलं आणि तीन वेळा मोडलं. ऋतुजाची पिशवी भरून दारात ठेवलेली होती. आबा ओट्यावर बसले होते. मी काही बोलायच्या आत तेच मुलाला म्हणाले, “नारायणा, अर्ध्यावर उठवू नको लेकराला. आदीच त्या पिच्चरमधी हिनं मला अर्ध्यावर उठवलंय.” ‘हिनं’ म्हणजे मी. काठी माझ्याकडं रोखली होती.

नारायणभाऊंना हसू आलं आणि ते त्यांनी गिळलं. “पुरवणीपर्यंत,” ते म्हणाले. “त्याच्यापुढं एक दिस न्हाई.”

आता शिकवणार कोण? गणिताचे सर सुट्टीला गावाकडे. मी इतिहासाची बाई, वर्तुळ म्हटलं की मला भाकरी आठवते. तरी रफिकमामांकडून हॉल उघडून घेतला. ताडपत्र्या काढल्या. फळा लहान पडायला लागला, म्हणून आम्ही पडद्याच्या त्या पांढऱ्या भिंतीवरच कोळशानं आकृत्या काढल्या. स्पर्शिका, जीवा, कंस. आधी मी रात्रीतून वाचून यायचे, मंग तिला समजवायचे, मध्येच अडायचे आणि दोघी एकमेकींकडे बघायचो. काही दिवसांनी अडल्यावर ती म्हणायला लागली, “थांबा मॅडम, तुम्ही उलटं करून राह्यल्या.” सुट्टीहून आल्यावर सरांनी उरलेलं नीट करून घेतलं आणि भिंत बघून कपाळाला हात लावला. आकाशही यायचा. तो पास होता, काम काही नव्हतं. “टाइमपास,” म्हणायचा आणि कोळशाला टोक काढून द्यायचा.

एका दुपारी तिनं मान वर न करता विचारलं, “मॅडम, त्या पोरीनं परत दिलं असंल ना पदक?” मी म्हणाले, “आधी हे प्रमेय.” मला आजही त्या उत्तराचा अभिमान वाटत नाही आणि पस्तावाही होत नाही. दोन्हींच्या मध्ये कुठंतरी ते अडकलंय.

पुरवणीचा पेपर झाला. त्या वेळी मागच्या भिंतीवर कुणी नव्हतं. निकालाच्या दिवशी नारायणभाऊंनी मोबाइल ऋतुजाच्या हातात दिला आणि आपण गोठ्यात जाऊन उभे राहिले. गणितात पास. काठावर नाही, थोडी वरच.

हेडसरांनी स्वतःच कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. “दाखवून टाका तुमचा शेवट. जल्दी आटपा. अन् पुढच्या वेळी फेब्रुवारीत नको.”

शनिवारी हॉल भरला. भिंतीवर चुना मारायला वेळ नव्हता, म्हणून पिच्चर कोळशाच्या वर्तुळांवरच पडला. पोरगी स्टेजवर, तिच्या तोंडावर एक स्पर्शिका. पाहुण्यांनी पदक उचललं. तिनं मान खाली केली. पदक घेतलं. टाळ्या. घरी गेली, खुंटीला अडकवलं. संपला.

मी दिवे लावले. मंग आकाश म्हणाला, “आयला, घेतलं की!”

आबा काठीवर जोर देऊन उठले. “संपला?”

“संपला आबा.”

“मंग आमच्या पोरीनं कुणाचं पाहून केलं?”

ऋतुजा मागून म्हणाली, “कुणाचं पाहून न्हाई आबा. मॅडमनी अर्धाच दावल्ता.”

त्यावर सगळे हसले, मीही हसले. पण त्या दिवसापासून पिच्चर थांबवताना मी आधी शेवटच्या बाकाकडे बघून घेते. मधल्या आठवड्यात कोण काय ठरवून बसेल, आणि त्याची किंमत कोण भरेल, ते मला माहीत नसतं. तरी थांबवते.

ऋतुजा चाकणला गेली नाही. बारावी केली, नर्सिंग केलं, आता जालन्याला एका दवाखान्यात नर्स आहे. त्यांच्या घरातली शिकलेली ती पहिली. आमच्या शाळेतली कॉपी पिच्चर दाखवून थांबली, असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. त्या वर्षी कॉपी एका बाकावर थांबली. तेवढं झालं.